टर्कीला साद घालणारी चकती

एप्रिलच्या पहाटे अमेरिकेतल्या रानात टर्कीचा नर झाडावर बसूनच गडगडाटी आरोळी ठोकतो. रीत अशी की आरोळी ऐकून मादी त्याच्याकडे जाते. शिकाऱ्याला हे उलटं घडवायचं असतं. झाडाच्या बुंध्याला टेकून तो मादीचा आवाज काढतो आणि नर आपल्याकडे चालत यावा म्हणून वाट बघतो. आपल्याकडे पारधी तित्तराची साद नुसत्या तोंडाने हुबेहूब काढत. अमेरिकी शिकाऱ्यांनी या कामासाठी वाद्यंच घडवली, त्यांना कॉल म्हणतात. पेटीसारख्या लाकडी कॉलचं पेटंट आर्कान्सातल्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ मध्ये घेतलं. आज हातकारागिरांचा खरा जीव रमतो तो पॉट कॉलमध्ये.

पॉट म्हणजे लेथवर कातलेली, तळहातात मावेल एवढी लाकडी वाटी. लाकूड बहुधा अक्रोड, चेरी किंवा मेपल. वाटीच्या तळाला आवाज बाहेर पडायला भोकं असतात आणि आत छोट्या खुंटावर काचेची किंवा स्लेटची एक चकती बसवलेली असते. वाटीच्या तोंडाशी, कडेच्या खाचेत दुसरी चकती चिकटवतात. हिच्यावर लाकडी काडी, म्हणजे स्ट्रायकर, पेन्सिलीसारखा तिरपा धरून फिरवायचा. टोक न उचलता छोटी लंबगोल रेघ ओढली की मादीची हाक निघते: आधी उंच, स्वच्छ, मग मोडून खाली उतरलेली, खरखरीत. शाळेच्या पाटीवर पेन्सिल करकरली की अंगावर काटा यायचा ना, भौतिकशास्त्र तेच. टोक अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं आणि सेकंदाला शेकडो वेळा हे घडलं की चकती थरथरते.

वरची चकती स्लेटची, काचेची, तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची असते. स्लेट मऊ बोलते. अ‍ॅल्युमिनियम उंच आणि धारदार बोलतं, म्हणून वाऱ्याच्या दिवशी, डोंगराच्या एका सोंडेवरून दुसऱ्या सोंडेपर्यंत आवाज पोचवायचा तर अनेक शिकारी तेच काढतात. मात्र नवा कारागीर पत्रा घ्यायला निघाला की पहिला प्रश्न विचारतो तो मिश्रधातूच्या नंबराचा: ६०६१, ५०५२ की ३००३? माझ्या मते हा प्रश्न पहिला नव्हेच.

चकतीचा मूळ स्वर धातूचा ताठपणा, घनता, जाडी आणि व्यास यांवर ठरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या या सगळ्या प्रकारांत ताठपणा आणि घनता जवळजवळ सारखीच. एवढंच काय, साध्या काचेचे आकडेही अ‍ॅल्युमिनियमच्या अगदी शेजारी बसतात. तांबं मात्र तिपटीहून जड आहे, त्यामुळे त्याच मापाची तांब्याची चकती खालच्या स्वरात बोलते. आता जाडी बघा. व्यास तोच ठेवून १.६ मिलिमीटरऐवजी २ मिलिमीटरचा पत्रा घेतला तर मूळ स्वर सव्वापट वर जातो, म्हणजे षड्जावरून थेट शुद्ध गांधारावर. नंबर बदलून एवढा फरक कधीच पडणार नाही.

नंबराचं काम वेगळं आहे, ते पृष्ठभागाशी. ६०६१ला उष्णतेची प्रक्रिया देऊन टी६ अवस्थेत आणलं की ते ३००३पेक्षा बरंच कठीण होतं. स्ट्रायकरला पकड मिळावी म्हणून चकतीवर खरखरीत पॉलिश पेपरने एकाच दिशेने चरे पाडतात आणि काडी त्या चऱ्यांना आडवी ओढतात. कठीण पत्र्यावर हे चरे टिकतात. मऊ पत्र्यावर ते लवकर दबतात, सुटलेली करडी पूड काडीच्या टोकात भरते, टोक काळं-गुळगुळीत होतं आणि काडी आवाज न करता घसरते. टोक घासून साफ केलं की ती पुन्हा बोलते. घामाचं बोट लागलं तरी हीच गत, म्हणून जाणता माणूस वाटी कडेनेच धरतो.

अ‍ॅनोडाइझ केलेला पत्रा दिसायला देखणा असतो. त्यावरचा ऑक्साइडचा थर म्हणजे पॉलिश पेपरवर असते तीच जात, पण जाडी मायक्रॉनमध्ये मोजायची. पेपर चार वेळा फिरला की थर ठिकठिकाणी उडतो आणि एकाच चकतीचे दोन स्वभाव होतात. हातकामाला कोरा पत्रा बरा.

सपाटपणाकडे मात्र फार थोडे लक्ष देतात. पंच मारून कापलेल्या चकतीची कड किंचित वळू शकते. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यावर चकती पालथी घासली की उंच भाग आधी चमकतात आणि खोलगट भाग तसाच मळकट राहतो. अशी चकती खाचेत सगळीकडून टेकत नाही आणि मग स्वरही फाटतो. डिंकाचंही तसंच. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं-आकसतं, धातू त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून थोडा लवचीक राहणारा सिलिकॉनसारखा डिंक या जोडाला मानवतो.

आता शिकारीविषयी: भारतात १९७२च्या कायद्याखाली रानातली शिकार बंद आहे. अमेरिकेत ती परवान्याने आणि ठरल्या हंगामातच चालते. १९३७च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा तिथे वन्यजीवांकडे वळवला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कित्येक राज्यांतून नाहीशी झालेली रानटर्की पकडून, दुसरीकडे नेऊन सोडून पुन्हा वसवली गेली. १९७३ मध्ये स्थापन झालेली नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन हे संवर्धनाचं काम करते आणि हाताने घडवलेल्या कॉलच्या स्पर्धाही भरवते.

पहिली चकती घडवणाऱ्याने ६०६१चा कोरा, सपाट पत्रा १.६ आणि २ मिलिमीटर अशा दोन जाडींत घ्यावा, एकाच लाकडाच्या, एकाच मापाच्या दोन वाट्यांत बसवावा आणि काडी दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः पन्नास पावलांवर जाऊन ऐकावं. टर्की ऐकते ती दुरूनच.