कांडीतली कालवड

लेखांक ९

सलग पाचव्या वेताला गोऱ्हा झाला की बोल गाईला लागतो. ‘ही गोऱ्हेच देते’ म्हणून तिला बाजार दाखवला जातो आणि घेणाराही तेच कारण पुढे करून भाव पाडतो. बीड जिल्ह्यातल्या कड्याच्या पंचक्रोशीत, जिथे पावसाच्या भरवशावरच्या शेतीपेक्षा दर दहा दिवसांनी हातात पडणारा दुधाचा पगार अधिक खात्रीचा, तिथे हा आरोप साधा नाही. होल्स्टीन किंवा जर्सी संकराच्या गोऱ्ह्याला वशिंड नसतं, त्याच्या मानेवर जू नीट बसत नाही आणि उन्हात तो दमतो. त्यातून शेतात ट्रॅक्टर आले, २०१५च्या मार्चपासून राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. मग त्याचं करायचं काय? २०१९च्या दुष्काळात ज्यांनी आष्टी तालुक्यातल्या चारा छावण्यांत जनावरं नेली, त्यांना दूध न देणाऱ्या तोंडाला वैरण घालणं म्हणजे काय हे सांगायला नको.

पण दोष गाईचा नाही. गाईच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात, म्हणजे एकूण ६० गुणसूत्रं. (म्हशीत ५०. गाय-म्हशीचा संकर होत नाही, त्याच्या कारणांपैकी हे एक.) २९ जोड्या नर-मादीत सारख्याच. तिसाव्या जोडीत गाईकडे दोन एक्स आणि वळूकडे एक एक्स, एक वाय. बीजांड तयार होताना गाईकडून नेहमी एक्सच जातो, तिच्याकडे दुसरं काही नाहीच. वळूच्या शुक्रजंतूंत मात्र निम्मे एक्सवाले, निम्मे वायवाले. अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये पिठातल्या किड्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा नरात एक गुणसूत्र ठळकपणे लहान आढळलं. ते ज्या शुक्रजंतूत गेलं त्यापासून नर होतो, हे त्यांनी मांडलं. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा खटला निकाली निघालेला आहे. गोठ्यात आणि घरातही तो अजून चालूच आहे, ही गोष्ट वेगळी.

मग पाच गोऱ्हे ओळीने होतात कसे? नाणेफेकीचा हिशोब लावा. दर वेताला निम्मी शक्यता, म्हणून पाचही वेळा गोऱ्हा होण्याची शक्यता ३२त एक. ज्या परिसरात पाच वेतं झालेल्या हजार गाई आहेत, तिथे तीसेक गाई ‘गोऱ्हेच देणाऱ्या’ निघणारच. तेवढ्याच कालवडीच देणाऱ्याही निघतील, पण त्यांची तक्रार कोणी करत नाही. आणि सहाव्या वेताला त्या तीसेक गाईंपैकी निम्म्या कालवड देतील. तोवर त्या विकल्या गेलेल्या असतात.

आता कांडीकडे येऊ. गाय माजावर आली, सोट टाकू लागली की फोन जातो. डॉक्टर मोटारसायकलवर द्रवरूप नायट्रोजनची टाकी बांधून येतात आणि उणे १९६ अंशातली वीर्याची पाव मिलिलिटरची कांडी बाहेर काढण्याआधी विचारतात, साधी भरू का सेक्स सीमेन? दुसरी महाग. तिच्यात औषध घातलेलं असतं, जनुकं बदललेली असतात, असे समज कानावर येतात. तसं काही नसतं. तिच्यात फक्त निवड केलेली असते. एकाच वळूचं, एकाच वेळचं वीर्य घेऊन त्यातले वायवाले शुक्रजंतू जमतील तितके बाजूला काढलेले असतात. उरलेल्यांपासून जी कालवड होते ती साध्या कांडीतूनही होऊ शकली असती.

ही निवड करायची कशी, यावर संशोधकांनी बरीच वर्षं घालवली. वजन, वेग, विद्युतभार असे सगळे उपाय करून झाले, भरवशाचा एकही ठरला नाही. अखेर अमेरिकेच्या शेतीखात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या प्रयोगशाळेत लॉरेन्स जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी थेट डीएनएच मोजायचं ठरवलं. १९८९ मध्ये अशा निवडलेल्या शुक्रजंतूंपासून सशाची पिल्लं जन्माला आली. तत्त्व सोपं आहे. एक्स हे मोठं गुणसूत्र, वाय लहान. त्यामुळे गाईवर्गात एक्सवाल्या शुक्रजंतूत डीएनए सुमारे ३.८ टक्के जास्त भरतो. शंभर किलोच्या पोत्यात पावणेचार किलोचा फरक समजा. माणसात हाच फरक तीन टक्क्यांहूनही कमी आहे.

तो फरक दिसावा म्हणून वीर्यात होएख्स्ट ३३३४२ नावाचा रंग मिसळतात. जिवंत पेशीच्या आवरणातून तो आत शिरतो आणि डीएनएच्या दुहेरी गोफाच्या खाचेत जाऊन बसतो. जितका डीएनए जास्त, तितका रंग जास्त. मग हे शुक्रजंतू अगदी बारीक धारेतून, एकामागे एक, लेझरच्या झोतासमोरून नेतात. निळी चमक उमटते, यंत्र ती मोजतं आणि क्षणाच्या अत्यल्प भागात ठरवतं, एक्स की वाय. खालच्या टोकाला धार थरथरवून तिचे थेंब पाडतात. एक्सवाल्या थेंबाला एक विद्युतभार, वायवाल्याला उलटा. दोन भारित पट्ट्यांमधून पडताना एक थेंब डावीकडच्या नळीत जातो, दुसरा उजवीकडच्या. ज्यांच्याबद्दल शंका आहे ते सरळ खाली, टाकाऊ भांड्यात.

शंकेचे फार असतात. शुक्रजंतूचं डोकं गोल नसतं, चपटं असतं. सपाट बाजूने पाहिलं तर चमक एक आणि कडेने पाहिलं तर दुसरीच, आणि हा फरक ३.८ टक्क्यांपेक्षा कितीतरी मोठा. म्हणून तोटीचं तोंड मुद्दाम अशा आकाराचं करावं लागतं की डोकी एका दिशेला वळावीत. तरी सगळी वळत नाहीतच. यंत्राचा वेग सेकंदाला हजारो शुक्रजंतूंचा असला तरी वळूच्या एका वेळच्या वीर्यात ते काही अब्ज असतात. त्यामुळे साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्रजंतू भरतात, तिथे निवडलेल्या कांडीत वीसेक लाख. शिवाय रंग, लेझर, दाब हे सगळं सोसून आलेले. गर्भ राहण्याचं प्रमाण कमी पडतं, गाय उलटते, आणि ‘सेक्स सीमेन फसवं’ अशी चर्चा दूध संकलन केंद्रावर सुरू होते. फसवं नाही, पण ते निरोगी, नियमित माजावर येणाऱ्या, शक्यतो पहिलारू कालवडीला भरावं. दोनदा उलटलेल्या गाईवर महागाची कांडी लावणं हा जुगार आहे.

कांडीवर लिहिलेले ९० टक्केही नीट समजून घ्यावेत. त्याचा अर्थ दहापैकी साधारण नऊ कालवडी. तीन गाई गाभण असतील तर तिन्हींना कालवडीच होण्याची शक्यता ७३ टक्के. म्हणजे दर चारांतल्या एका गोठ्यात तिघींपैकी एखादी तरी गोऱ्हा देणार, आणि त्यात डॉक्टरांचा काही दोष नसणार. हे तंत्र बरीच वर्षं परदेशी कंपन्यांच्या हातात होतं. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते देशी तंत्राच्या कांडीची घोषणा झाली, तेव्हा एका मात्रेमागे सुमारे २०० रुपये कमी होतील असं सांगण्यात आलं. माझ्या मते दुधाच्या भावाच्या भाषणांपेक्षा गोठ्याच्या हिशोबात ही बातमी मोठी होती.

याच जिल्ह्यात राहून हे लिहिताना दुसरा एक आकडा टाळता येत नाही. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांआधी त्या ८९४ होत्या. गोठ्यात कालवडीसाठी जादा पैसे मोजणारं घर आणि सोनोग्राफीसाठी गुपचूप पैसे मोजणारं घर, यांत नेहमीच अंतर होतं असं म्हणवत नाही. कायद्याने ही रेघ स्पष्ट ओढली आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला, देशाचा १९९४ मध्ये आला, आणि २००३च्या दुरुस्तीने त्यात गर्भधारणेपूर्वीची निवडही धरली, शुक्रजंतूंच्या पातळीवरचीसुद्धा. म्हणजे वर सांगितलेली अख्खी प्रक्रिया जनावरात सरकारी अनुदानाला पात्र आहे आणि माणसात गुन्हा. यंत्राला फरक कळत नाही. सूनबाईंना मुलगाच का होत नाही म्हणून विचारणाऱ्यांनी मात्र नेटी स्टीव्हन्सचा किडा लक्षात ठेवावा.

कांडीत खरंच एक्स आहेत की नाहीत, किंवा एखाद्या गर्भाची पेशी नराची की मादीची, हे प्रयोगशाळा तपासते कसं? मागच्या दोन लेखांकांत पीसीआर पाहिला: डीएनएचा ठरावीक तुकडा निवडायचा आणि त्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या. इथे निवडतात अमेलोजेनिन नावाचं जनुक. गंमत अशी की त्याचं काम दातांवरचं कवच घडवण्याचं, लिंगाशी त्याचा काही संबंध नाही. पण ते एक्सवरही असतं आणि वायवरही, आणि गाईवर्गात वायवरच्या प्रतीतली ६३ अक्षरं गळालेली आहेत. नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका चाचणीत एक्सकडून २८० अक्षरांचा तुकडा मिळतो आणि वायकडून २१७ अक्षरांचा.

हे तुकडे अगारोजच्या पातळ वडीत एका टोकाला भरतात आणि वीज सोडतात. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे सरकतो, आणि लहान तुकडा वडीच्या जाळीतून लवकर वाट काढून पुढे जातो. अर्ध्या-पाऊण तासाने विशिष्ट प्रकाशाखाली पाहिलं की मादीच्या नमुन्यात एकच पट्टा दिसतो, नराच्या नमुन्यात दोन. केवळ वायवरचं जनुक शोधलं असतं तर ‘पट्टा नाही’ याचे दोन अर्थ झाले असते: मादी आहे, किंवा चाचणीच बिघडली. अमेलोजेनिनमध्ये एक्सचा पट्टा दोन्हीकडे यायलाच हवा. तो नसेल तर निकाल फेकून द्यायचा. चांगल्या चाचणीत अशी स्वतःचीच साक्ष असते. कांडीत एक्सचं प्रमाण ९० टक्के आहे का ८०, हे मात्र अशा पट्ट्यांवरून कळत नाही. त्यासाठी प्रती वाढताना कोणता तुकडा किती लवकर चमकू लागतो हे मोजणारा पीसीआर लागतो.

आता या सगळ्यातलं सर्वांत चमत्कारिक प्रकरण. गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड, तर ती कालवड बहुतेक वांझ निघते, हे जुन्या गोपालकांना ठाऊक असतं. प्रमाण दहात नऊहून अधिक. कारण गाईच्या पोटात दोन गर्भांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या फार लवकर एकमेकींना जोडल्या जातात. गोऱ्ह्याच्या वृषणांतून येणारी संप्रेरकं बहिणीच्या अंगात पोचतात आणि तिचे अंडाशय, गर्भाशय यांची वाढ खुंटते. शिकागोच्या फ्रँक लिली यांनी १९१६-१७च्या सुमारास हे उलगडलं.

पण वाहिन्यांतून संप्रेरकंच जात नाहीत, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशीही जातात आणि एकमेकांच्या हाडांच्या मगजात कायमचा मुक्काम करतात. १९४५ मध्ये विस्कॉन्सिनच्या रे ओवेन यांनी दाखवलं की जुळ्या वासरांच्या अंगात दोघांच्याही रक्तपेशी आयुष्यभर नांदतात आणि शरीर त्या परक्यांना हुसकावत नाही. पीटर मेडावार यांनी इथूनच धागा उचलला. परकी ऊती शरीर का स्वीकारतं किंवा का नाकारतं, यावरच्या कामाला १९६०चं नोबेल मिळालं. आज पुण्या-मुंबईत होणाऱ्या मूत्रपिंड प्रत्यारोपणामागच्या विचारात एका गोठ्यातल्या जुळ्यांचा वाटा आहे.

गोपालकाच्या कामाचा भाग असा. जुळ्यातल्या कालवडीचं रक्त तपासलं तर अमेलोजेनिनचे दोन पट्टे दिसतात, जणू ती नरच आहे. तिच्या केसांची मुळं तपासली तर सहसा एकच पट्टा, म्हणजे मादी. दोन्ही निकाल खरे. रक्तात भावाच्या पेशी आहेत, केसाच्या मुळात तिच्या स्वतःच्या. म्हणून प्रयोगशाळेला नमुना पाठवताना तो कशाचा हे लिहिलं नाही तर निकालाचा अर्थ लावता येणार नाही. इथे रक्तच पाठवायचं, रक्त गोठू न देणाऱ्या जांभळ्या बुचाच्या नळीत, थंड ठेवून, आणि ‘जुळ्यातली कालवड’ असं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून. रक्तात वायचा पट्टा आलाच नाही, तर वाहिन्या जोडल्या गेल्या नव्हत्या असं धरायला जागा आहे, आणि ती कालवड ठेवावी.

प्रयोगशाळेपर्यंत जाणं जमणार नसेल तर पशुवैद्यक योनीमार्गाची लांबी तपासूनही बराच अंदाज देतात, वांझ कालवडीत ती नेहमीच्या साधारण एक तृतीयांश भरते. बीडकरांना जवळची पशुवैद्यकीय महाविद्यालयं परभणी आणि उदगीरला आहेत. चाचणीची चौकशी तिथे करावी. आणि बाजारातून लहान कालवड घेताना दात, कास, आईचं दूध विचारतो तसं आणखी एक विचारावं: ही एकटी झाली की जोडीने? विकणारा एकटीच म्हणणार हे खरं, पण पाचशे रुपये हातचे राखून रक्त तपासून घेतल्यावर बाकीचे द्यायचं ठरवलं की उत्तर बदलू शकतं.

पुढच्या लेखांकात ए-वन आणि ए-टू दूध: एका अक्षराचा फरक, तो ओळखण्याची चाचणी, आणि त्या अक्षराच्या जोरावर बाटलीमागे लावला जाणारा भाव.