प्रयोगशाळा आणि दफ्तर

मराठी वाचकाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर परका नाही. वीणा गवाणकरांच्या 1981 साली प्रसिद्ध झालेल्या ‘एक होता कार्व्हर’ या चरित्राने भुईमुगाचे नानाविध उपयोग दाखवून देणारा हा शास्त्रज्ञ आपल्या घरोघरी पोहोचविला. परंतु 1896 साली आयोवा सोडून अलाबामातील टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेत, तिचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून, आलेल्या त्या तरुण अध्यापकाच्या शिरावर कोणकोणता जिम्मा येऊन पडला, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. शेतकी खात्याचे प्रमुखपद, वर्गातील अध्यापन, प्रयोगक्षेत्राची उभारणी, समित्यांच्या बैठका आणि या सर्वांच्या जोडीला संस्थेच्या कोंबड्यांची देखरेखसुद्धा त्यांच्याकडे होती. त्यावरून वॉशिंग्टन यांच्याशी वारंवार खटके उडत आणि राजीनाम्याची भाषाही होई. दोन थोर पुरुषांमधील स्वभावभेद म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल; पण कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतील तरुण विज्ञानशिक्षकापुढे आज जो प्रश्न उभा आहे, त्याचे मूळ मला त्या खटक्यांतच दिसते.

मुख्यत्वे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी 1964 पूर्वी स्थापन झालेल्या ज्या संस्थांना 1965 च्या अमेरिकी उच्च शिक्षण कायद्याने ‘ऐतिहासिक’ म्हणून मान्यता दिली, त्या आज सुमारे शंभर आहेत. पेनसिल्व्हेनियातील चेनीचा आरंभ 1837 चा, राजधानीतील हॉवर्ड 1867 चे. आणि सरकारी शेतकी महाविद्यालयात वर्णामुळे प्रवेश नाकारणाऱ्या राज्यांनी स्वतंत्र संस्थेची तजवीज करावी, असे 1890 च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने फर्मावल्यावर आणखी कित्येक निघाल्या. संस्था निघाल्या, पण पैसा देताना राज्यांचा हात सदैव आखडलेला राहिला. 2023 साली केंद्रीय शिक्षण व शेती खात्यांच्या मंत्र्यांनी 16 राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे धाडून, या शेतकी विद्यापीठांना सुमारे तीन दशकांत न्याय्य वाट्यापेक्षा एकूण 12 अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम कमी मिळाली, असा हिशेब मांडला. या तुटीची भरपाई आजवर शिक्षकांनी आपल्या आयुष्यातील तासांनी केली आहे. नुकतीच डॉक्टरेट घेऊन आलेल्या रसायनशास्त्रज्ञाला एकाच सत्रात अनेकदा चार-चार वर्ग घ्यावे लागतात, उपकरण बिघडले तर दुरुस्त करणारा कारागीर मिळत नाही, अनुदानाच्या अर्जांचे कामकाज पाहणारे दफ्तर तोकडे असते. आणि खात्यात शिक्षकच मोजके असल्यामुळे, अजून नोकरी कायमही झालेली नसताना, अभ्यासक्रमाची फेररचना, मान्यतेचे अहवाल आणि प्रसंगी खात्याचा कारभारही त्याच्याकडे येतो. अशा ठिकाणी नेतृत्व मागून मिळवावे लागत नाही. ते न मागता अंगावर पडते.

या ओझ्याखाली प्रतिभेचे काय होते, हे अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांच्या चरित्रात फार स्पष्ट दिसते. डार्टमथची पदवी घेऊन 1907 साली ते हॉवर्डमध्ये आले ते इंग्रजी शिकविण्यासाठी. पुढे प्राणिशास्त्राचे खाते त्यांच्याकडे आले, वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे वर्ग आले, आणि अंडपेशीच्या फलनाविषयीचे जे संशोधन त्यांची कीर्ती युरोपपर्यंत घेऊन गेले, त्याला वूड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेतील उन्हाळ्याच्या सुट्ट्या तेवढ्या उरल्या. 1920 च्या सुमारास ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीने त्यांच्या अध्यापनाचा भार हलका केला. त्या दात्याने दिलेली खरी वस्तू वेळ ही होती. याउलट सेंट एल्मो ब्रेडी यांनी संस्था उभारणे हेच आपले विज्ञान मानले. 1916 साली इलिनॉय विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळविणारे हे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन पुढे टस्कीगी, हॉवर्ड आणि फिस्क येथे खाती बांधीत गेले, आणि फिस्कमधून निवृत्त झाल्यावर मिसिसिपीतील टूगलू येथे पुन्हा तेच काम त्यांनी हाती घेतले. ब्रेडींच्या नावावर शोधनिबंध थोडे आहेत. तरीही त्यांची योग्यता जस्ट यांच्याहून रतिभरही कमी मानण्यास मी तयार नाही, आणि नेमणुका कायम करणाऱ्या समित्यांनीही मानू नये.

अलीकडे या तरुण शिक्षकांच्या तयारीकडे पद्धतशीर लक्ष जाऊ लागले आहे. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने, म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशनने, या महाविद्यालयांतील विज्ञानशिक्षणासाठी 1998 पासून स्वतंत्र योजना चालविली. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठासारख्या संस्थांच्या सहभागातून विज्ञानक्षेत्रातील नेतृत्वाचे एक केंद्रही उभे राहिले. अंदाजपत्रक कसे वाचावे, अनुदान कसे मिळवावे, सहकाऱ्यांतील मतभेद कसे हाताळावे, हे सारे शिकण्याजोगेच आहे. मात्र श्रीमंत संशोधन विद्यापीठांच्या अनुभवावर बेतलेल्या प्रशिक्षणात ‘नकार द्यायला शिका’ असा जो उपदेश तरुणांना केला जातो, तो येथे लागू पडत नाही. दाराशी आलेला विद्यार्थी पुष्कळदा त्याच्या घराण्यातील महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच असतो; त्याला नाही म्हटले तर पलीकडच्या खोलीत दुसरा शिक्षक बसलेला नसतो. म्हणून मार्गदर्शक नेमायचा तो याच संस्थांत मुरलेला असावा. उदाहरणार्थ, मोरहाउस या कृष्णवर्णीयांच्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी सॅम्युअल नॅब्रिट यांनी ब्राउन विद्यापीठातून 1932 साली जीवशास्त्राची डॉक्टरेट घेतली, अटलांटात अध्यापन केले, आणि 1955 साली टेक्सस सदर्न विद्यापीठाची धुरा स्वीकारली. वर्ग, प्रयोगशाळा आणि कारभार यांची ओढाताण अनुभवलेल्या अशा माणसाचा सल्ला चार दिवसांच्या शिबिराहून मोलाचा ठरतो.

तरीही सल्ल्याने दिवसाचे तास वाढत नाहीत. नेतृत्वाच्या शिक्षणासाठी निवडलेल्या अध्यापकाला परत आल्यावर तेच चार वर्ग घ्यावे लागणार असतील, तर त्या निवडीने त्याच्यावर एक काम वाढविले, एवढेच घडते. तेव्हा अशा प्रत्येक अनुदानात बदली शिक्षकाच्या वेतनाची तरतूद पहिल्याच कलमात असावी, निदान तीन वर्षांची असावी, आणि ती मंजूर करून घेण्याची खटपट त्या तरुणावर न सोपविता विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कचेरीने करावी.