दोन तासांची मुदत

शनिवार संपून रविवार लागला आहे. पुण्याच्या बंडगार्डन रस्त्यावर पोलिसांनी लोखंडी बॅरिकेड अशी तिरपी मांडली आहेत की एका वेळी एकच गाडी जाईल, आणि तीही हळू. डिसेंबरची थंडी आहे. कोरेगाव पार्ककडून येणाऱ्या गाड्यांच्या काचा बंद आहेत. हवालदार बोटाने काचेवर टकटक करतात, काच खाली आली की कुठून आलात, कुठे निघालात, एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकताना थोडे पुढे वाकतात. उत्तरापेक्षा त्यांना वास, डोळे आणि अडखळणारी जीभ हवी असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ नुसार गणवेशातल्या पोलिसाला श्वासाची चाचणी मागता येते, पण त्यासाठी संशयाला वाजवी कारण लागतं. ते कारण शोधण्याचं काम इथे खिडकीपाशी, काही सेकंदांत चाललं आहे.

उपनिरीक्षकांच्या परवानगीने मी जीपजवळ उभा आहे. नदीच्या पलीकडे कल्याणीनगर आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास तिथे भरधाव पोर्शे गाडीने मोटरसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघेही गेले. स्टिअरिंगवर १७ वर्षांचा मुलगा होता. त्या पहाटेनंतर नाकाबंदीवरच्या कुठल्याही पोलिसाशी बोलताना कल्याणीनगरचं नाव निघतंच. इथेही निघतं, मी न विचारता.

एक पांढरी गाडी बॅरिकेडच्या वळणावर अडखळते. हवालदार तिला कडेला घ्यायला सांगतात. आत एकटाच तरुण आहे, तिशीच्या आसपासचा.

“साहेब, दोनच बिअर. तीही जेवणाबरोबर.”

“खाली उतरा. मशीनमध्ये फुंकायचं आहे.”

शिपाई बंद पाकीट त्याच्यासमोर फाडतो आणि नवी नळी ब्रेथ ॲनालायझरला लावतो. मशीनवर आधी शून्य आलेलं त्याला दाखवतो. “दिसलं? आता बीप थांबेपर्यंत फुंकत राहा.” पहिल्यांदा तरुण फुंकल्यासारखं करतो, गाल फुगतात, पण नळीत हवा जात नाही. शिपाई रागावत नाही, पुन्हा समजावतो. मशीनला तोंडातली वरवरची हवा चालत नाही, फुप्फुसाच्या तळातली लागते. तिथे रक्त आणि हवा शेजारी असतात आणि रक्तातलं अल्कोहोल ठरावीक प्रमाणात हवेत उतरतं. त्या खोल हवेच्या २१०० मिलिलीटरमध्ये जेवढं अल्कोहोल, तेवढं साधारण एक मिलिलीटर रक्तात, असं हे गणित आहे. तरुण दुसऱ्यांदा नीट फुंकतो. आकडा येतो ९४. कायद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम.

“मी आत्ताच माउथवॉशने चूळ भरली होती. त्याचा वास येतोय.”

इथे मला वाटतं, आता हवालदार त्याला गप्प करतील. पण उपनिरीक्षक पाण्याची बाटली पुढे करतात. “चूळ भरा. पंधरा मिनिटं थांबू. मग परत फुंका.” तोंडात रेंगाळलेलं अल्कोहोल पंधरा मिनिटांत उडून जातं, रक्तातलं जात नाही. तरुणाला सुटायची खरी संधी मिळाली आहे आणि सगळ्यांच्या देखत मिळाली आहे.

त्या पंधरा मिनिटांत पंच शोधायचं काम होतं. ते सोपं नाही. थांबवलेल्या गाड्यांतले लोक हात जोडतात, कोर्टाची कटकट नको म्हणतात. चहाच्या टपरीचा मालक तयार होतो, त्याला हे रोजचं आहे. दुसरा पंच मिळतो स्कूटरवरून चाललेला एक चाळिशीचा माणूस, मागे बायको बसलेली. तो बहरीनमध्ये असतो. सित्रा बेटावर, तेलाच्या टाक्या आणि कारखाने आहेत त्या भागात टँकर चालवतो आणि भाच्याच्या लग्नासाठी सुट्टीवर आला आहे. बायको त्याची बाही ओढते, “अहो, चला ना.” तो तिला थोपवतो.

“सही करतो मी, साहेब. माझ्या मागे चाळीस हजार लिटर पेट्रोल असतं. आमच्याकडे ड्रायव्हर पिऊन सापडला की नोकरी गेलीच, आणि बहुतेकदा देशही सोडावा लागतो. पण तिथेही कुणीतरी कागदावर सही करतो, म्हणूनच होतं ते.”

दुसरं पाकीट फाटतं, दुसरी नळी लागते. आकडा ९१. मशीनमधून पट्टी बाहेर येते. तिच्यावर तारीख, वेळ, आकडा. तरुण सही करतो, दोन्ही पंच सही करतात. उपनिरीक्षक घड्याळ पाहतात आणि मोठ्याने म्हणतात, “बारा पन्नास. अटक.” मग ती वेळ लिहितात.

“मशीन चुकीचं आहे तुमचं,” तरुण म्हणतो. आवाज चढला आहे. “मी फोन लावतो, थांबा. तुम्हाला कळेल.”

“लावा. पण घरी लावा. घरच्यांना कळवणं आमचंही काम आहे, आणि गाडी न्यायला शुद्धीतलं कुणीतरी लागेल. मशीन चुकतंय असं वाटत असेल तर रक्त देऊ.”

आता घड्याळ सुरू झालं आहे. कलम २०२ म्हणतं की दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक केलेल्या माणसाची नोंदणीकृत डॉक्टरकडून दोन तासांच्या आत तपासणी झाली पाहिजे, नाही तर त्याला सोडून द्यावं लागेल. म्हणजे दोन पन्नासपर्यंत. ही मुदत आरोपीसाठी आहे, त्याला विनाकारण अडकवून ठेवू नये म्हणून. आणि ती सत्यासाठीही आहे, कारण शरीर थांबत नाही. यकृत दर तासाला १०० मिलिलीटर रक्तातलं साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल संपवत असतं, माणूस झोपलेला असो, रडत असो की वकिलाशी बोलत असो.

ठाण्यात आधी डायरीत नोंद होते. तरुणाला पुन्हा एकदा फुंकायची संधी दिली जाते, तीही कायद्यात लिहिलेली आहे. तो नकार देतो. महिला शिपाई त्याला शांतपणे सांगते, “नको म्हणालात तर तेही लिहिलं जातं. कारण नसताना चाचणी नाकारली, तर ते कोर्टात तुमच्याच विरुद्ध धरता येतं.” तो फुंकत नाही, पण बसतो. मघाचा चढलेला आवाज उतरला आहे. एक वाजून वीस मिनिटं.

ससून रुग्णालयाच्या अपघात विभागात बाकं भरलेली आहेत. एका स्ट्रेचरवर डोकं फुटलेला मुलगा, त्याच्याभोवती चार माणसं. एक म्हातारी धापा टाकते आहे. डॉक्टर आमच्याकडे बघून हात वर करतात : आधी पेशंट. हे बरोबरच आहे. पण हवालदारांच्या कपाळावर आठ्या पडतात. पावणेदोन. दोन. ते एकदाही आवाज चढवत नाहीत, फक्त दर दहा मिनिटांनी डॉक्टरांच्या नजरेसमोर येऊन उभे राहतात.

याच रुग्णालयाच्या नावाशी कल्याणीनगरचं प्रकरण जोडलं गेलं. अपघात पहाटे अडीचचा, आणि मुलाचं रक्त घेतलं गेलं सकाळी अकराच्या सुमारास. साडेआठ तासांत शरीर सव्वाशे मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल पचवून टाकतं. पुढे जे उघड झालं ते त्याहून भयंकर. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी डीएनए जुळवून पाहिला, तेव्हा पहिली बाटली त्या मुलाच्या रक्ताची नव्हतीच. ती त्याच्या आईच्या रक्ताची होती, असा पोलिसांचा आरोप आहे. दोन डॉक्टर आणि एका कर्मचाऱ्याला अटक झाली. वरिष्ठांना वेळेत न कळवल्याबद्दल ठाण्यातले दोन अधिकारी निलंबित झाले. बाल न्याय मंडळाने जामिनासोबत घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. मला मात्र त्या निबंधापेक्षा त्या बाटलीचा जास्त संताप येतो. निबंधावर वरच्या न्यायालयात दाद मागता येते. फेकलेलं रक्त परत मिळत नाही.

दोन वाजून बारा मिनिटांनी डॉक्टर हात धुऊन येतात. आधी तरुणाला चालायला लावतात, नाकाच्या शेंड्याला बोट लावायला सांगतात, बाहुल्यांवर टॉर्च मारतात. परिचारिका सवयीने स्पिरिटचा बोळा उचलते. डॉक्टर तिचा हात थांबवतात. “स्पिरिट नको, ताई. दुसरं घ्या.” कातडीवर अल्कोहोल लावून रक्तातलं अल्कोहोल मोजता येत नाही. एवढ्या एका बोळ्यावर बचाव पक्षाचा वकील अख्खा खटला उभा करू शकतो, आणि त्याने तो करायलाच हवा.

सुई आत जाते. तरुण दुसरीकडे बघतो. रक्त ज्या बाटलीत जातं तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्सलेट आहे. एकामुळे रक्त कुजत नाही, म्हणजे बाटलीत नवं अल्कोहोल तयार होत नाही. दुसऱ्यामुळे ते गोठत नाही. मग लेबल : नाव, वेळ, किती रक्त, कुणी काढलं. हवालदार लेबलवरचा शब्द न् शब्द मोठ्याने वाचतात आणि तरुणाला विचारतात, “नाव बरोबर आहे ना? तुमचंच रक्त आहे ना हे? तुमच्यासमोर भरलं ना?” तो मान हलवतो. “मानेने नको, सांगा.” “हो. माझंच.” तो सही करतो, अंगठाही देतो. लाख वितळते, बाटलीच्या तोंडावर पडते, तिच्यावर मोहोर उठते. त्याच मोहोरेचा नमुना वेगळ्या कागदावर घेतला जातो, म्हणजे प्रयोगशाळेत दोन्ही ताडून बघता येतील. दोन वाजून एकतीस मिनिटं. मुदतीला एकोणीस मिनिटं उरलेली.

“पूर्वीही हे सगळं असंच करायचं होतं,” हवालदार मला म्हणतात. “पण आता मी वाचून दाखवतो. उद्या मी कोर्टात उभा राहीन तेव्हा मला आठवलं पाहिजे.”

कोर्टात काय होतं, याचे दोन दाखले मुंबईतल्या वांद्र्याचेच आहेत. २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री तिथे बेकरीसमोर झोपलेल्या लोकांवर गाडी चढली, एक जण गेला. सलमान खानवर चाललेला तो खटला तेरा वर्षं चालला आणि १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. रक्ताच्या नमुन्याबद्दलचा सरकार पक्षाचा पुरावा न्यायालयाला विश्वासार्ह वाटला नाही. दुसरा दाखला कार्टर रोडचा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. चालकाच्या रक्तात १०० मिलिलीटरमागे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल आढळलं. तो आकडा टिकला. सत्र न्यायालयाने दिलेली सहा महिन्यांची शिक्षा उच्च न्यायालयाने तीन वर्षांवर नेली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या चालकाचं रक्त साडेआठ तासांनी काढलं असतं, तर ११२ चं बहुधा शून्य झालं असतं. रक्त वेळेत न मिळाल्याचाही दाखला मुंबईतच आहे. ७ जुलै २०२४ ला वरळीत मासळी घेऊन घरी निघालेल्या दाम्पत्याला गाडीने उडवलं, बाईला फरपटत नेलं. संशयित चालक सापडला दोन दिवसांनी. त्यानंतर रक्त काय साक्ष देणार?

पहाटे सव्वातीनला तरुणाचे वडील ठाण्यात येतात. स्वेटर उलटा घातलेला आहे. ते मुलाकडे बघत नाहीत, हवालदारांना बाजूला घेतात. “साहेब, पोराचं परदेशी जायचं चाललंय. काही मिटवता येईल का?”

“काका, बसा. पाणी घ्या,” हवालदार म्हणतात. “जामीन आत्ता होईल, हा जामिनाचा गुन्हा आहे. गाडी तुम्ही चालवत न्या. लायसन आमच्याकडे राहील, ते पुढे आरटीओकडे जाईल. दंड कोर्ट करेल. पहिल्यांदा दहा हजार, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परत सापडला तर पंधरा हजार, किंवा दोन वर्षांपर्यंत, किंवा दोन्ही. मिटवायचं माझ्या हातात काही नाही. वेळ लिहिली गेली, पंचांनी सह्या केल्या, बाटली सील झाली.”

वडील खुर्चीत बसतात. बराच वेळ ते काही बोलत नाहीत. मग मुलाला विचारतात, “कुणाला लागलं नाही ना?”

“नाही, बाबा.”

हेच तर आजच्या रात्रीचं खरं यश आहे. कुणाला लागलं नाही. ज्या रात्री कुणी मेलेलं नसतं, बातमी नसते, वरून फोन नसतो, त्याच रात्री पोलिसांना आणि डॉक्टरांना ही सवय लागते. साध्या केसमध्ये स्पिरिटचा बोळा थांबवणारा हातच मोठ्या केसमध्ये थांबवेल. साध्या केसमध्ये वेळ मागेपुढे लिहिणारा हात मोठ्या केसमध्ये बाटली बदलेल. मेलेल्या माणसाला कोर्टात बोलता येत नाही, त्याच्या वतीने बोलतात ती ही पट्टी, ही सही, ही लाखेची मोहोर.

म्हणून आपल्या गावात अशी बातमी आली की वाचणाऱ्याने गाडीची किंमत आणि बापाचं नाव नंतर शोधावं. आधी चार प्रश्न विचारावेत. अटक किती वाजता झाली? रक्त किती वाजता घेतलं? कुणी, कुणासमोर घेतलं? प्रयोगशाळेपर्यंत ते कुणाच्या ताब्यात होतं? या चारांची उत्तरं लेखी असतील, तर पोलिसांच्या पाठीशी उभं राहावं. नसतील, तर ती मिळेपर्यंत पोलिसांना, रुग्णालयाला आणि सरकारला स्वस्थ बसू देऊ नये.