वटवाघळाला एकटे पाहू नका

वटवाघूळ म्हटले की काय आठवते? अंधार, उलटे टांगलेले अंग आणि भुताच्या गोष्टी! कोणी त्याला अपशकुनी म्हणते. कोणी म्हणते, वडाखाली घाण होते, वडच तोडून टाका. पण कुऱ्हाड उचलण्याआधी थोडा हिशेब करू या.

वटवाघूळ पक्षी नाही. ते पिलाला दूध पाजते, म्हणून सस्तन प्राणी. पण एवढे पाठ करून ते कळत नाही. घड्याळातले एक चाक हातात घेतले तर वेळ कळेल का? सगळी चाके एकमेकांत अडकतात तेव्हाच काटा फिरतो. निसर्गाचेही तसेच आहे.

पहिले चाक बघा. मोठी वटवाघळे फळे खातात. वड, उंबर, पिंपळाचे बारीक बी त्यांच्या विष्ठेतून दूरवर पडते व तिथे रोप उगवते. म्हणजे झाड वटवाघळाला पोसते आणि वटवाघूळ झाडाला पसरवते.

दुसरे चाक. लहान वटवाघळे किडे खातात. ती आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढतात आणि प्रतिध्वनीवरून अंधारात किडा हेरतात. पिकावर अंडी घालणारे पतंगही त्यांत आले. पतंग कमी, तर अळी कमी. अळी कमी, तर फवारणी कमी.

हे चाक थांबले तर? अमेरिकेत तसेच झाले. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत बुरशीचा रोग दिसला. त्यात झोपलेल्या वटवाघळांचे नाक पांढरे पडते. या रोगाने लाखो वटवाघळे मेली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, अशा भागांतील शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवला. रोग गुहेत, आणि खर्च शेतात!

आता उलटे फिरणारे चाक बघा. रानातली झाडे तोडली की वटवाघळे बागेत येतात. बागेत आली की माणसे त्यांना मारतात. ती कमी झाली की बी कमी पसरते, झाडे आणखी कमी होतात. शिवाय मादीला बहुधा वर्षाला एकच पिलू होते. म्हणून कमी झालेली संख्या लवकर भरून येत नाही.

मग आपण काय करावे?

१) वटवाघळांचे झाड तोडू नये. दगड मारू नये.
२) त्यांना हात लावू नये, त्यांचे उष्टे फळ खाऊ नये. त्यांच्या अंगात रोगाचे विषाणू असू शकतात.
३) घरी आई-बाबांना हा हिशेब सांगावा.

भिऊ नका, फक्त लांबून पाहा. आणि पाहताना झाड, किडा, शेत आणि आपण, सगळे एकत्र पाहा!

— इयत्ता सातवी