यादीत नाही म्हणजे वीज जळत नाही असे नव्हे

शाळा, दवाखाने, कचेऱ्या, दुकाने, गोदामे. देशातल्या या सगळ्या बिगर-निवासी इमारती मिळून किती ऊर्जा वापरतात? प्रत्येक दारी जाऊन मोजता येत नाही. म्हणून मॉडेल बांधावे लागते. ब्रिटनमधले उदाहरण पाहू.

मूळ गणित सोपे आहे: क्षेत्रफळ गुणिले दर चौरस मीटरचा वापर. समजा, २०० चौरस मीटरच्या कार्यालयात दर चौरस मीटरला वर्षाकाठी १५० युनिट लागतात. म्हणजे ३०,००० युनिट. अशी प्रत्येक प्रकारच्या जागेची बेरीज करायची.

क्षेत्रफळ कुठून आणायचे? इंग्लंड-वेल्समध्ये व्यवसायाच्या जागांवर कर आहे. त्यासाठी जागांची मोजमापे ठेवली जातात. कराची ही नोंद ऊर्जेच्या हिशोबाला कामी येते. पण प्रार्थनास्थळे आणि शेतीच्या इमारतींना हा कर माफ आहे. त्यांची माहिती दुसरीकडून शोधावी लागते.

दुसरी अडचण म्हणजे कराची जागा आणि इमारत एकच नसते. खाली दुकान, वर कार्यालय, त्यावर घरे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या 'थ्रीडी-स्टॉक' मॉडेलने नकाशे, इमारतींची उंची आणि कराच्या नोंदी जोडून हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला.

तिसरा प्रश्न प्रत्यक्ष वापराचा. सरकारने फोनवरून मुलाखती घेतल्या, काही जागांची पाहणीही केली. २०१४-१५ साठी इंग्लंड-वेल्सचा आकडा निघाला सुमारे १६१ अब्ज युनिट. त्यातली ३९ टक्के बचत शक्य आहे, असा अंदाजही मांडला गेला.

याचा आपल्याशी संबंध काय? कोणत्या इमारतींना नियम लावायचे, मदत कुठे द्यायची, हे अशाच आकड्यांवरून ठरते. भारताच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेचा रोख १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या इमारतींवर होता. वस्तीतली छोटी शाळा, दवाखाना, समाजमंदिर या मर्यादेच्या बरेच खाली राहतात. पत्र्याखाली तापणारे वर्ग आणि न परवडणारे वीजबिल मात्र तिथेही आहेत.

म्हणून असा अहवाल हाती आला की कार्यकर्त्यांनी चार प्रश्न विचारावेत. यादी कोणी आणि कशासाठी केली? तिच्यातून कोण सुटले? सरासरी कोणाच्या वापरावरून काढली? आणि हिशोब मीटरशी ताडून पाहिला का? उत्तरे मिळत नसतील, तर आपल्या वस्तीतल्या सार्वजनिक इमारतींचे क्षेत्रफळ आणि वर्षभराची वीजबिले गोळा करायला सुरुवात करा. तेवढ्या नोंदीवरही ठोस मागणी उभी राहते.