एकच अक्षर, दोन वळणे

१ एप्रिल २०१९ रोजी जपान सरकारचे मुख्य कॅबिनेट सचिव योशिहिदे सुगा यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर एक चौकट उंच धरली. नव्या सम्राटाच्या कालखंडाचे ‘रेइवा’ हे नाव तिच्यात कुंचल्याने दोन अक्षरांत लिहिलेले होते. पहिल्या ‘रेइ’ या अक्षराची शेवटची रेघ सरळ खाली उतरली होती. जपानी मुले हे अक्षर चौथीत शिकतात, ते मात्र निराळ्या वळणाने. वर दोन तिरक्या रेघांचे छप्पर आणि त्याखाली एक लहान रेघ, इथपर्यंत दोन्ही आकार सारखे. पुढे शाळेतल्या वळणात त्या सरळ पायाऐवजी एक तिरके टिंब येते. रेघा मोजल्या तर दोन्हींत पाचच. मग बरोबर कोणते? दोन्हीही!

हे कसे, ते पाहू.

हत्यार बदलले, आकार बदलला

जपानने चीनकडून घेतलेल्या या अक्षरांना कांजी म्हणतात. नेहमीच्या वापरातील कांजींची सरकारी यादी २०१० मध्ये सुधारली, तेव्हा तिच्यात २,१३६ अक्षरे होती. बहुतेक कांजी ठरावीक लहान घटक जोडून बनतात. हे घटक हाताने लिहिताना रेघा वळतात, लपेटतात. चीनमध्ये मिंग राजवटीत लाकडी ठोकळे कोरून पुस्तके छापत. छिन्नीला सरळ रेघ सोपी. त्यातून आडवी रेघ बारीक, उभी जाड आणि आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला छोटा त्रिकोण, असे छापील वळण रूढ झाले. १८६९ मध्ये विल्यम गॅम्बल या अमेरिकन मुद्रकाने नागासाकीला येऊन शोझो मोतोगी यांना धातूचे खिळे पाडण्याची कला शिकवली. जपानी छापखान्यांतील हे वळण आजही ‘मिन्चो’, म्हणजे ‘मिंग राजवटीचे’, या नावाने ओळखले जाते. हात मात्र आपल्या जुन्या सवयीनेच लिहीत राहिला.

‘शिन्न्यो’ या घटकाचे उदाहरण घ्या. तो अक्षराच्या डावीकडून खाली पसरतो आणि बहुधा चालण्याशी किंवा वाटेशी संबंध दाखवतो. ‘मिची’, म्हणजे रस्ता, या अक्षरात त्याच्यावर एक टिंब असते. ‘नाझो’, म्हणजे कोडे, या अक्षरात छापताना दोन टिंबे असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर यादीतील अक्षरे सोपी केली, तेव्हा त्यांचे एक टिंब गेले. ‘नाझो’ यादीत आले ते २०१० मध्ये, आपली दोन टिंबे घेऊनच. हाताने लिहिताना एक टिंबही चालते.

संगणकानेही यात भर घातली. २००४ मध्ये जपानी संगणक-प्रमाणात १६८ अक्षरांचे नमुने बदलले. ‘त्सुजी’ आडनावाच्या अक्षराचा संकेतांक तोच राहिला, पण नव्या संगणकावर त्याला एकाऐवजी दोन टिंबे दिसू लागली!

कोणता फरक मोजायचा?

प्राथमिक शाळेत जपानी मुले १,०२६ कांजी शिकतात. ‘झाड’ या अक्षरात उभ्या दांडीच्या टोकाला आकडा काढला म्हणून उत्तर चुकीचे ठरवावे का? कुणाला कार्यालयाच्या खिडकीवर स्वतःचेच नाव छापल्याप्रमाणे पुन्हा लिहायला सांगावे का? अशा तक्रारी वाढल्यामुळे २९ फेब्रुवारी २०१६ रोजी सांस्कृतिक परिषदेच्या भाषाविषयक समितीने मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अक्षराचा सांगाडा तोच असेल तर ते बरोबर, असे तिचे सूत्र आहे. झाडाचा आकडा असला तरी चालतो, नसला तरी चालतो.

पण सांगाडा म्हणजे नेमके काय? ‘आकाश’ या अक्षरात दोन आडव्या रेघा असतात. छापताना वरची लांब असते. हाताने लिहिताना खालची लांब केली तरी हरकत नाही. आता ‘अद्याप नाही’ आणि ‘शेवट’ या अर्थांची दोन अक्षरे पाहा. दोन्हींत एक उभी दांडी, दोन आडव्या रेघा आणि खाली दोन तिरक्या रेघा. वरची आडवी रेघ लांब असली तर ‘शेवट’, खालची लांब असली तर ‘अद्याप नाही’. इथे लांबी बदलली की अर्थच बदलतो.

रेघेच्या लांबीतला तोच फरक एका ठिकाणी क्षुल्लक, तर दुसऱ्या ठिकाणी निर्णायक ठरतो. कारण सरळ आहे. ‘आकाशा’ची रेघ कमीजास्त झाली तरी त्या जागी दुसरे अक्षर उभे नाही, ‘शेवटा’च्या शेजारी मात्र ते उभे आहे.

आपल्या देवनागरीतही हीच कसोटी लागते. ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यातील फरक केवढासा, पण तो चुकला तर ‘घन’चे ‘धन’ होते. उलट मराठी आणि हिंदी पुस्तकांतील ‘ल’चे वळण बरेच वेगळे असूनही वाचताना आपण अडत नाही.

करून पाहा : मराठी पुस्तक, हिंदी पुस्तक, दुकानाची पाटी आणि आजोबांचे जुने पत्र यांतून ‘ल’, ‘श’ आणि ‘झ’ शोधा व वहीत जसेच्या तसे उतरवा. प्रत्येक फरकासमोर एकच प्रश्न लिहा : यामुळे हे अक्षर दुसऱ्या एखाद्या अक्षरासारखे वाचले जाईल का? वर्गात सर्वांच्या वह्या ताडून पाहा. जिथे उत्तर ‘होय’ येईल, तिथे अक्षराचा सांगाडा तुमच्या हाती लागेल.