पळता पळता थांबणारे

फिस्कार्स हे दक्षिण फिनलंडमधलं कारखान्याचं गाव. तिथं १६४९ साली लोखंडाचा कारखाना सुरू झाला. नारिंगी मुठीच्या ज्या कात्रीमुळे हे नाव जगभर पोचलं, ती मात्र १९६७ची. तिच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरात या गावाभोवतीच्या रानात ओरिएंटियरिंगची, म्हणजे नकाशा आणि होकायंत्राच्या आधारानं रानातले ठरलेले नाके शोधत पळण्याच्या खेळाची, पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९६१ साली कोपनहेगनला दहा देशांनी स्थापली होती.

उत्तरेकडच्या अशा रानात नकाशा घेऊन मी हिंडलो आहे. नुसत्या दमाचा तिथं फारसा उपयोग नाही. शेवाळाखाली धोंडे दडलेले, पाणथळीत पाय रुततो आणि थोड्याच अंतरावर सगळी झाडं सारखी दिसू लागतात. होकायंत्राची कड नकाशावर या नाक्यापासून पुढच्या नाक्यापर्यंत धरायची, तबकडी फिरवून तिच्यावरच्या रेघा नकाशाच्या उत्तररेघांशी जुळवायच्या, मग सुई खुणेत येईपर्यंत आपण स्वतःच वळायचं. समोरचं एखादं झाड हेरायचं आणि सुटायचं.

नवखा थेट नाक्याच्या रोखानं धावतो आणि बहुधा बाजूनं निघून जातो. मुरलेला खेळाडू आधी नाक्याजवळची ठळक खूण निवडतो: पाणथळीचा कोपरा, वाटांचा फाटा, मोठा खडक. तिथवर जीव खाऊन पळतो. तिथून पुढं मात्र वेग मुद्दाम उतरवतो. पावलं मोजतो, समोच्च रेषांवरून टेकाडाचा आकार ताडतो. अंगठा नकाशावर आपल्या जागेबरोबर सरकत असतो. हे वेग उतरवणं सगळ्यांत अवघड, कारण मागून कुणाची तरी पावलं वाजत असतात. ती पावलं कुणाची, तो पुढं आहे की मागं, हेही कळत नाही. कारण प्रत्येकाला ठरावीक वेळेच्या अंतरानं एकेकटं सोडलेलं असतं. नाका सापडला की तिथं नोंद करायची आणि लगेच निघायचं. तिथं रेंगाळलेला माणूस म्हणजे मागच्याला फुकटचा पत्ता.

स्त्रियांना हा खेळ नंतर कधीतरी खुला झाला, असं झालं नाही. फिस्कार्सला त्यांची वैयक्तिक शर्यत होती, रिलेही होती. त्या काळी ऑलिंपिकमध्ये बायकांची सर्वांत लांब धाव ८०० मीटरची. मॅरेथॉन मिळायला १९८४ उजाडलं. इथं मात्र बाई एकटी रानात शिरत होती आणि रस्ता तिचा तिनं ठरवायचा होता. मला पदकांपेक्षा याचं मोल जास्त वाटतं.

फिस्कार्सला पुरुषांत नॉर्वेचा ओगे हाडलर जिंकला, दोन्ही रिले स्वीडननं नेल्या. स्त्रियांत पहिली आली स्वीडनची उल्ला लिंडक्विस्ट. १९६२ साली नॉर्वेतल्या लोटनला झालेली पहिली युरोपीय स्पर्धाही तिचीच होती. १९६८ला लिंशॉपिंगमधल्या जागतिक स्पर्धेत पुरुषांचं अजिंक्यपद कार्ल योहान्सनकडे गेलं. उल्लानं आपलं राखलं.